यमाची दिशा

दिवाळीला केज तालुक्यातल्या आमच्या गावी सगळे भाऊ जमतो. यंदा फराळाच्या ताटांशेजारी एक मोठा कागद पसरलेला होता. पुतण्याच्या नव्या घराचा नकाशा! चार कोपऱ्यांवर लाडवा-चिवड्याचे डबे ठेवून कागद सपाट केला होता, आणि घरातला प्रत्येक पुरुष त्यावर बोट ठेवून बोलत होता.

जागा चांगली आहे. उंचवट्यावरची, मुरमाड, पाया खोल खणायला नको. दोष निघाला तो एकच. रस्ता दक्षिणेला आहे, म्हणजे दार दक्षिणेला येणार. आणि दक्षिण ही तर यमाची दिशा! तेव्हा वास्तूचे जाणकार बोलावले गेले. त्यांनी दार उचलून पूर्वेला नेले, जिथे शेजाऱ्याची भिंत चार फुटांवर आहे. तिथवर पोचायला बोळ काढला. पुढच्या आग्नेय कोपऱ्यात मोटार उभी केली. ईशान्येला देव बसले, त्यांच्या लगत पाहुण्यांची बैठक आली. उरले स्वयंपाकघर, ते गेले वायव्येला. आणि निजायची खोली नैऋत्येला.

सून दारात उभी होती. तिने एवढेच विचारले, "काका, मे महिन्यात संध्याकाळी पाचला मी भाकरी थापत असेन, तेव्हा ऊन कुठे असेल?"

कोणी उत्तर दिले नाही. चकल्यांचे ताट तेवढे पुढे सरकले. ते उत्तर मी इथे देतो, कारण हा नकाशा आमच्या एकट्याच्या घरचा नव्हे. बीडपासून अंबाजोगाईपर्यंत नव्या वस्त्यांतून फिरा. तोच कागद विटांत उभा राहिलेला दिसेल.

वाचकहो, आपला जिल्हा एकोणीस अक्षांशाच्या आसपास आहे. मेच्या मध्याला भर दुपारी सूर्य नेमका डोक्यावर येतो, आणि त्यानंतर जुलै संपत येईपर्यंत मध्यान्हीला तो थोडा उत्तरेकडेच झुकलेला असतो. म्हणजे ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या भिंतीला ऊन फारसे लागतच नाही. जे लागेल ते दोन फुटांचा छज्जा अडवतो. थंडीत मात्र सूर्य दक्षिणेला खाली उतरतो आणि त्याच दारातून कोवळे ऊन घरात येते. ज्या दिशेला आपण भिऊन भिंत घालतो, ती आपल्याकडे सर्वांत मायाळू दिशा आहे.

वैरी आहे तो पश्चिमेला. दुपारी तीननंतर सूर्य तिरपा होऊन छज्जाखालून थेट भिंतीवर येतो. विटांची भिंत ते ऊन पिते आणि रात्री बारापर्यंत आत ओकत राहते. उन्हाळ्यात सूर्य मावळतो तोही पश्चिमेच्या जरा उत्तरेला, म्हणजे नेमका त्या वायव्येच्या स्वयंपाकघरावर. पारा चाळिसाच्या पुढे, वर तापलेला स्लॅब, समोर पेटलेला गॅस, आणि त्यात उभी घरची लक्ष्मी! वर्षातून चार वेळा येणाऱ्या पाहुण्यांना मात्र थंड पूर्व, आणि मोटारीला आग्नेय.

गंमत अशी की स्वयंपाकघर आग्नेयेला असावे, असे शास्त्रच सांगते. त्याला अर्थही आहे. सकाळचे ऊन तिथे येते, संध्याकाळचे येत नाही. आणि आपल्याकडे उन्हाळी-पावसाळी वारा बहुधा पश्चिमेकडून वाहतो, म्हणून धूर घराबाहेर जातो. शास्त्रातले हे शहाणपण मोटारीसाठी मोडायला कोणाला पाप वाटले नाही. दक्षिणेचे भय तेवढे जपले.

"पूर्वजांचा अनुभव खोटा का?" असे भाऊ म्हणाला. खोटा नाही, पण अर्धा उचलला तर घात करतो. जुन्या माळवदाच्या घरात नैऋत्येला निजले तरी चाले, कारण भिंत दोन-अडीच हातांची आणि वर मातीचा जाड थर. ऊन आत पोचेपर्यंत रात्र होई, आणि रात्री माणसे माळवदावर निजत. ती भिंत गेली, तो थर गेला. नियम तेवढा राहिला. नवऱ्या इंचांच्या भिंतीला अडीच हातांच्या भिंतीचा कायदा लावून कसे चालेल?

म्हणून पुन्हा माळवदे बांधा, असे मी म्हणत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीला काय झाले, ते शेजारच्या जिल्ह्यातल्या आपण विसरलो नाही. दगडमातीच्या जड भिंती आणि वरचे मातीचे ओझे निजलेल्या माणसांवर कोसळले, हजारो गेले. स्लॅब घाला, खांब-तुळया घाला, जाणत्या इंजिनिअरला विचारून घाला. पण मग त्या स्लॅबला चुना फासा, पश्चिमेला जिना, न्हाणी, कोठीची खोली ठेवा, आणि बाहेर एक कडुनिंब लावा. माणसे पूर्वेला आणि दक्षिणेला राहू द्या.

जागेचेही तेच. १९८९ च्या जुलैत बिंदुसरेचा पूर बीड शहरात शिरला, तेव्हा त्याने कोणाचे दार कोणत्या दिशेला आहे, हे विचारले नाही. जागा घेताना होकायंत्राआधी ओढा पाहावा, उतार पाहावा, म्हाताऱ्यांना जुन्या पुराची खूण विचारावी. आणि पाणी नको तेव्हा येते तसे हवे तेव्हा येत नाही, म्हणून एक हिशेब सांगतो. हजार चौरस फुटांच्या छपरावर ६०० मिलिमीटर पाऊस पडला, तर सुमारे ५५,००० लिटर पाणी होते. टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या गावाच्या नकाशात त्याच्या टाकीला चौकोन कोणी काढला आहे?

शेवटी भाऊ म्हणाला, "दादा, मनाचे समाधान म्हणून काही असते की नाही?" असते. पण कोणाच्या मनाचे? घराबाहेर दिवस काढणाऱ्याच्या, की चौदा तास त्या भिंतींत वावरणारीच्या?

पुतण्याला मी एकच सांगितले. हा कागद बायकोपुढे ठेव, तिच्या हातात पेन्सिल दे आणि विचार, सकाळी सहाला तू कुठे असतेस, दुपारी दोनला कुठे, संध्याकाळी पाचला कुठे. त्या खुणांभोवती खोल्या काढ. दार आपोआप रस्त्यावर येईल, दक्षिणेला. येऊ दे. आज कागदावरची भिंत खोडायला रबर पुरते.