बीटा आवृत्ती : संमती कोणाची, जोखीम कोणाची?

व्यावसायिक सॉफ्टवेअर जवळजवळ तयार झाले, की उरलेले दोष प्रत्यक्ष वापरातून कळावेत म्हणून ते ग्राहकांच्या हाती देण्याची प्रथा आहे. या आवृत्तीला ‘बीटा’ म्हणतात. मूळ कल्पना रास्तच आहे; कारण असंख्य संगणक आणि असंख्य माणसांच्या सवयी कोणत्याही प्रयोगशाळेत एकत्र आणता येत नाहीत. ‘जीमेल’ १ एप्रिल २००४ रोजी सुरू झाले आणि जुलै २००९ पर्यंत बीटाच म्हणवून घेत राहिले. त्याने कोणाचे फारसे बिघडले नाही.

दवाखान्याच्या सॉफ्टवेअरची गोष्ट मात्र निराळी आहे. येथे बीटाला संमती देतो डॉक्टर आणि जोखीम उचलतो रुग्ण. पॅरासिटामॉलचे पातळ औषध ५ मिलिलिटरमध्ये १२५ आणि २५० मिलिग्रॅम अशा दोन्ही प्रमाणांत मिळते. नव्या आवृत्तीत औषधाचे प्रमाण बदलले आणि मिलिलिटर तेच राहिले, तर बालकाला दुप्पट मात्रा जाईल. म्हणून भेटीच्या वेळा, पावत्या यांसाठी बीटा खुशाल वापरावी. मात्रेच्या हिशेबापासून ती दूर ठेवावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

दुसरा मुद्दा ग्राहकसेवेचा. अमेरिकेत ऑगस्ट १९९८ मध्ये रोटाव्हायरसवरील ‘रोटाशील्ड’ लशीला परवाना मिळाला. रीतसर चाचण्या झालेल्या होत्या. तरीही लस दिलेल्या काही बालकांत आतड्यात आतडे शिरण्याचा विकार आढळला. दुष्परिणामांच्या नोंदी एकत्र करणाऱ्या यंत्रणेकडे अशा १५ नोंदी जमताच जुलै १९९९ मध्ये ही लस देणे थांबवण्यात आले आणि ऑक्टोबरमध्ये ती मागे घेण्यात आली. विखुरलेल्या तक्रारी एका ठिकाणी वाचल्या गेल्या, हे त्या निर्णयाचे बळ होते.

याउलट १९ जुलै २०२४ रोजी ‘क्राउडस्ट्राइक’ कंपनीने सुरक्षा-प्रणालीतील एक सदोष बदल एकाच वेळी सर्वदूर पाठवला आणि सुमारे ८५ लाख संगणक बंद पडले. त्यांत रुग्णालयांचेही होते. दीड तासाच्या आत बदल मागे घेतला गेला. पण बंद पडलेले अनेक संगणक एकेक करून हातानेच दुरुस्त करावे लागले. असे बदल यापुढे टप्प्याटप्प्याने पाठवू, असे कंपनीने त्यानंतर जाहीर केले. औषधशास्त्राला हा धडा जुनाच आहे.

‘संगणक बंद करून पुन्हा सुरू करा’ एवढेच सांगणारी ग्राहकसेवा म्हणजे तापाचे कारण न शोधता ताप उतरवणे होय. प्रत्येक तक्रारीला क्रमांक हवा, सारख्या तक्रारी एकत्र पाहिल्या जाव्यात, दोष कोणत्या आवृत्तीत दूर झाला हे कळवले जावे, आणि गरज पडल्यास नोंदी न गमावता जुन्या आवृत्तीकडे परतता यावे. एवढी हमी लेखी मिळत नसेल, तर फुकट मिळणारी बीटाही महागच पडेल.

आपलीही बाजू आहे. दोष दिसला की आवृत्ती, वेळ आणि पडद्यावरील मजकूर टिपून कळवण्याचा कंटाळा आपण करतो. आपल्या संस्थेने यासाठी एक सामाईक नोंदवही ठेवावी, अशी माझी सूचना आहे. एकट्या डॉक्टरचा दूरध्वनी टाळता येतो. वीस दवाखान्यांची एकच तक्रार टाळणे कोणत्याही कंपनीला अवघड जाईल.