चतुर्थीचा चंद्र न पाहतां

लहान मूल हरवलें अशी वार्ता कानीं येतांच ऐकणाराच्या मनांत दोन प्रश्न उभे राहतात. मूल कोठें गेलें, हा पहिला; आणि त्या वेळीं त्याचे आईबाप काय करीत होते, हा दुसरा. पहिला प्रश्न कळवळ्याचा, दुसरा झडतीचा. परंतु चार दिवस लोटले आणि मूल सांपडलें नाहीं, कीं पहिला मागें पडतो आणि दुसराच ओसरीवर, आगगाडीच्या डब्यांत, वर्तमानपत्रांच्या रकान्यांत आणि आतां हातोहातीं फिरणाऱ्या संदेशांतून घोळूं लागतो. मुलाचा शोध पोलिस करीत असतात. आईबापांचा निवाडा मात्र सारें गांव करूं लागतें. या महिन्यांत आमच्या वाचकांपुढें आम्ही या निवाड्याचाच विचार ठेवीत आहों.

आपल्या घरांतून भाद्रपद शुद्ध चतुर्थीस चंद्र पाहूं नये असें सांगतात, आणि चुकून दृष्टीस पडलाच तर स्यमंतक मण्याची कथा ऐकावी असा परिपाठ आहे. सत्राजिताचा भाऊ प्रसेन गळ्यांत मणि घालून मृगयेस गेला, तो परतला नाहीं. श्रीकृष्णानें तो मणि पूर्वीं मागितला होता, एवढ्या धाग्यावर द्वारकेंत कुजबूज सुरू झाली कीं प्रसेनाचा घात त्यानेंच केला. वस्तुतः प्रसेनास सिंहानें मारलें होतें. श्रीकृष्ण नागरिकांस बरोबर घेऊन अरण्यांत गेला, पावलांचा माग काढीत जांबवंताच्या गुहेपर्यंत पोंचला आणि मणि घेऊन परतला, तेव्हां कोठें अपवाद मिटला. पशूचें कृत्य माणसाच्या माथीं बसलें आणि पावलांच्या खुणांनीं तें उतरलें, हें या कथेचें सार. कोणी म्हणेल, ह्या पुराणांतल्या गोष्टी. परंतु अशीच गोष्ट, चतुर्थीचा चंद्र कोणींही न पाहतां, १९८० सालीं ऑस्ट्रेलियांत घडली. आणि तेथें अपवाद पुरता मिटावयास ३२ वर्षें लागलीं.

ऑस्ट्रेलियाच्या मध्यभागीं वाळवंटी मुलखांत उलुरू नांवाचा एक प्रचंड तांबडा खडक आहे; त्या काळीं त्यास एअर्स रॉक म्हणत. मायकेल चेंबरलेन नांवाचे एक ख्रिस्ती धर्मोपदेशक, त्यांच्या पत्नी लिंडीबाई, दोन लहान मुलगे आणि नऊ आठवड्यांची कन्या अझारिया असें कुटुंब तेथें प्रवासास गेलें होतें. १७ ऑगस्ट १९८० च्या रात्रीं तान्ही मुलगी तंबूंत निजविलेली होती आणि मोठीं माणसें थोड्याच अंतरावर, स्वयंपाकाच्या जागेपाशीं, इतर प्रवाशांशीं बोलत होतीं. मूल रडल्याचा आवाज आला म्हणून आई पाहावयास गेली, तों तंबूपाशीं तिला डिंगो, म्हणजे तिकडील रानकुत्रा, दिसला. आंत बाळाची टोपली रिकामी होती. आईनें आक्रोश केला, मंडळी धांवली, कंदील व विजेऱ्या घेऊन लोक रात्रभर शोधीत राहिले. मूल मिळालें नाहीं. आठवड्यानें बाळाचे कांहीं कपडे तळापासून सुमारें चार किलोमीटरांवर एका प्रवाशास सांपडले.

येथवर ऐकून कोणाच्याही डोळ्यांत पाणी यावें. कांहीं दिवस तसें आलेंही. मग लोकांचें लक्ष आईच्या चेहऱ्याकडे वळलें. दूरचित्रवाणीपुढें त्या हुंदके देत नव्हत्या. घडलेलें सारें त्या स्थिर आवाजांत, नीट संगतवार सांगत. तेवढें पुरे झालें. तान्हें मूल गेलेली बाई अशी बोलेल काय, असें घरोघर विचारूं लागले. चेंबरलेन कुटुंब सेव्हन्थ-डे ॲडव्हेंटिस्ट या लहानशा पंथाचें होतें. त्या पंथांत नरबळी देतात अशी कंडी पिकली. अझारिया या नांवाचा अर्थ ‘अरण्यांतील बळी’ असा कोणी तरी ठोकून दिला. खरा अर्थ ‘देवाचें साहाय्य लाभलेला’ असा आहे, हें पाहण्याचे श्रम फार थोड्यांनीं घेतले. बाळाला काळा झगा शिवला होता, यांतही लोकांस खूण दिसली. आणि डिंगो माणसाचें मूल उचलून नेऊंच शकत नाहीं, असें जन्मांत डिंगो न पाहिलेलीं शहरांतलीं माणसें छातीठोकपणें सांगूं लागलीं.

डिंगो ज्यांच्या शेजारीं राहत होते त्यांचें म्हणणें मात्र निराळें होतें. त्या भागाच्या मुख्य वनरक्षकानें डिंगो धीट होत चालले आहेत, लहान मुलांस त्यांच्यापासून धोका आहे, असा इशारा वरिष्ठांस आधींच दिला होता. माग काढण्यांत निष्णात अशा तेथील मूळ रहिवाशांनीं त्या रात्रीं वाळूंत डिंगोचीं पावलें आणि त्यानें ओझें खालीं टेंकल्याच्या खुणा पाहिल्या होत्या. इतर प्रवाशांपैकीं एका बाईनें बाळाचें रडणें कानांनीं ऐकलें होतें. म्हणजे स्यमंतकाच्या कथेंतल्या पावलांच्या खुणा येथें पहिल्याच रात्रीं हातीं होत्या. पहिल्या चौकशींत डेनिस बॅरिट या मृत्युचौकशी-अधिकाऱ्यानें २० फेब्रुवारी १९८१ रोजीं निर्णय दिला तो असाच: मूल डिंगोनें नेलें, आईबाप निर्दोष आहेत. अफवा एकदांच्या थांबाव्यात म्हणून त्यानें आपला निर्णय दूरचित्रवाणीवरून सर्व देशास ऐकवूं दिला.

अफवा थांबल्या नाहींत. ही पहिली चौकशी न्यायालयानें रद्द ठरविली, दुसरी झाली आणि १९८२ च्या सप्टेंबरांत डार्विन शहरीं खटला उभा राहिला. प्रेत नव्हतें, शस्त्र नव्हतें, आईनें असें कां करावें याचें कारण सरकार पक्षास सांगतां आलें नव्हतें. होतें तें शास्त्रज्ञांचें मत. चेंबरलेन यांच्या मोटारींत तान्ह्या मुलाच्या रक्ताचे डाग आहेत, असें रक्तपरीक्षकांनीं शपथेवर सांगितलें. २९ ऑक्टोबर १९८२ रोजीं ज्यूरीनें लिंडीबाईंस खुनाबद्दल दोषी ठरविलें. त्यांस जन्मठेप झाली. पतीस गुन्हा लपविण्यास साहाय्य केल्याबद्दल दोषी धरलें, पण त्यांची शिक्षा स्थगित ठेवली. लिंडीबाई त्या वेळीं गरोदर होत्या. पुढच्याच महिन्यांत त्यांना मुलगी झाली आणि जन्मतांच ती त्यांच्यापासून दूर करण्यांत आली. एक लेंक वाळवंटानें नेली, दुसरी न्यायानें! वरच्या न्यायालयांतील दोन्ही अपिलें, १९८३ व १९८४ सालीं, फेटाळलीं गेलीं.

यापुढें जें घडलें तें कोणाच्या शहाणपणानें घडलें नाहीं. बाळाच्या अंगांत त्या रात्रीं वरून एक लहानसें जाकीट होतें, असें आई पहिल्या दिवसापासून सांगत होती. तें सांपडलें नव्हतें, म्हणून ती तें रचून सांगते असें लोक म्हणत. १९८६ च्या आरंभीं एक इंग्रज प्रवासी त्या खडकावरून पडून मृत्यु पावला. त्याचा देह शोधतांना जवळच तें जाकीट मिळालें. पांच-सहा दिवसांतच लिंडीबाईंस तुरुंगांतून सोडलें. न्यायमूर्ति मॉर्लिंग यांच्या रॉयल कमिशननें सारा पुरावा पुन्हां तपासला. तेव्हां मोटारींतील ज्या शिंतोड्यांस तान्ह्याचें रक्त म्हटलें होतें, तो कारखान्यांत आवाज दबावा म्हणून मारलेल्या द्रव्याचा फवारा निघाला. १९८८ च्या सप्टेंबरांत दोघांवरील दोषाचे निर्णय रद्द झाले. तरीही मृत्यूचें कारण सरकारी दप्तरीं अनिश्चितच होतें. २००१ सालीं फ्रेझर बेटावर डिंगोंनीं नऊ वर्षांच्या एका मुलाचा प्राण घेतला, तेव्हां ‘डिंगो असें करीतच नाहीं’ हें पालुपद बंद पडलें. १२ जून २०१२ रोजीं चौथ्या चौकशीनंतर एलिझाबेथ मॉरिस या अधिकारी बाईंनीं अझारियाचा मृत्यु डिंगोमुळें झाला असा निर्णय दिला आणि आईबापांचें सांत्वन केलें. बाळ गेलें तेव्हां जी आई बत्तिशींत होती, तिनें हा शब्द ऐकला तो चौसष्टाव्या वर्षीं.

आमच्या कांहीं वाचकांच्या मनांत येथें एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. आईबापांनींच मुलाचा घात केल्याचीं उदाहरणें जगांत नाहींत काय? आहेत. म्हणून पोलिसांनीं प्रथम घरच्या माणसांस प्रश्न विचारावे, घर धुंडाळावें, जबान्या ताडून पाहाव्या, यांत गैर कांहींच नाहीं. तसें न करणें हीच कसूर होय. परंतु तपास करणाराचा संशय आणि लोकांचा संशय या दोन वस्तु भिन्न आहेत. पहिल्यास पुराव्याचें कुंपण असतें. पुरावा नाहीं असें दिसलें कीं तो सोडून देणें त्यास भाग पडतें. दुसऱ्यास कुंपण नाहीं. आई रडली नाहीं तर ती निष्ठुर. रडली तर तें सोंग. गप्प बसली तर कांहीं तरी लपविते. बोलली तर बोलावयास हें सुचतें कसें! ज्या आरोपांतून कोणत्याही वर्तनानें सुटतां येत नाहीं, त्यास संशय म्हणावयाचें कीं शिक्षा, हें वाचकांनींच ठरवावें. आणि चेंबरलेन प्रकरणांत हा दुसरा संशय पहिल्याच्या अंगांत संचरला, हाच खरा अनर्थ झाला. डाग पाहणाराच्या डोळ्यांवर गांवाचा निकाल आधींच चढला असला, तर त्यास फवाऱ्यांत रक्त दिसावें यांत नवल तें काय?

एका अनुभवानें जग शहाणें होतें असेंही नाहीं. ३ मे २००७ रोजीं पोर्तुगालमधील प्राया दा लुझ या समुद्रकांठच्या गांवीं मॅडलिन मॅकॅन ही इंग्रज मुलगी बिछान्यांतून नाहींशी झाली. चौथा वाढदिवस नऊ दिवसांवर आला होता. आईबाप दोघेही डॉक्टर. मुलें निजवून ते जवळच्याच उपाहारगृहांत जेवत होते. मुलांस एकटें ठेवलें ही गोष्ट चुकीची खरीच. परंतु निष्काळजीपणा आणि हत्या यांतलें अंतर लोकांनीं पाहतां पाहतां पुसून टाकलें. आईचें दुःख पुरेसें दिसत नाहीं, असें येथेंही बोललें गेलें. सप्टेंबरांत पोर्तुगीज पोलिसांनीं दोघांस संशयित ठरविलें आणि जुलै २००८ मध्यें तो शिक्का काढून घेतला. त्याआधींच, मार्च २००८ मध्यें, डेली एक्सप्रेस आदि पत्रांस मुलीच्या मृत्यूचा दोष आईबापांवर ठेवल्याबद्दल पहिल्या पानावर क्षमा मागून ५,५०,००० पौंड शोधनिधीस द्यावे लागले. २०२० सालीं जर्मन सरकारी वकिलांनीं एका परक्याच इसमावर संशय असल्याचें जाहीर केलें. मुलीचा शोध मात्र लागला नाहीं. आणि आईबापांच्या चेहऱ्यांची परीक्षा करण्यांत गेलेले दिवस तिच्या शोधास काडीइतकेही उपयोगी पडले नाहींत.

चांगलीं, शिकलेलीं, एरवीं मुंगीस न दुखविणारीं माणसें असें कां वागतात? आम्हांस याचें उत्तर दुष्टाव्यांत दिसत नाहीं, भयांत दिसतें. निर्दोष आईचें मूल जर अंधारांतून नाहींसें होऊं शकतें, तर आपलेंही होऊं शकेल, हा विचार सोसवत नाहीं. पण तीच आई दोषी ठरली कीं आपलें घर सुरक्षित! आपण तशा नाहीं, आपल्या घरीं तसें व्हावयाचें नाहीं, असें म्हणून रात्रीं स्वस्थ झोंप येते. एकत्र कुटुंबांत तर ही निर्धास्ती अधिकच. आजी आहे, काकू आहे, कोणाची ना कोणाची दृष्टि मुलावर असतेच, असें प्रत्येकजण समजतो. लग्नघरांतून, जत्रेंतून, स्टेशनाच्या फलाटावरून मुलें चुकतात तीं नेमकीं याच समजुतीमुळें, कीं तें दुसऱ्या कोणाजवळ असेल. आणि चुकलें कीं पहिला शब्द सुनेलाच ऐकावा लागतो: तुझें लक्ष होतें कोठें?

तेव्हां आपल्या आळींत अशी वेळ आली तर करावयाचें काय? प्रथम, वेळ न दवडतां पोलिस ठाण्यांत जावें. दिवसभर वाट पाहून या, असें ऐकून घेण्याचें कारण नाहीं. मूल बेपत्ता झाल्याची प्रत्येक तक्रार रीतसर गुन्हा म्हणून नोंदवून तपास सुरू केलाच पाहिजे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयानें १० मे २०१३ रोजीं दिलेला आहे. १०९८ हा मुलांच्या साहाय्याचा दूरध्वनि क्रमांक घरांतल्या प्रत्येकास पाठ असावा. आपण प्रत्यक्ष पाहिलेलें असेल तें तपास करणारास सांगावें. ऐकलेलें असेल तें आपल्यापाशींच ठेवावें. आणि त्या घरीं जावयाचें तर आईजवळ बसावें, तिच्या धाकट्या मुलांस चार घांस भरवावे. तिचे डोळे कोरडे आहेत कीं ओले, हें पाहावयास जाऊं नये. दुःखाचा एकच ठरीव चेहरा नसतो, हें ज्या घरांत मृत्यु येऊन गेला आहे तेथें कोणास सांगावें लागत नाहीं.

द्वारकेच्या लोकांनीं श्रीकृष्णावर आळ घेतला खरा, पण निदान त्याच्याबरोबर अरण्यांत जाऊन पावलें पाहण्याइतकी बुद्धि त्यांस झाली. ज्यांस पावलें पाहावयास जातां येत नसेल, त्यांनीं तोंवर आपली जीभ आवरावी, एवढेंच आमचें मागणें आहे.