ठोकळ्यांची बैठक

प्रौढ, पगारदार, चष्मे लावलेलीं माणसें मेजाभोंवतीं बसून मुलांच्या ठोकळ्यांशीं खेळत आहेत, आणि या खेळास धंद्याच्या धोरणाचा विचार असें म्हणतात, हें ऐकून आमच्या पुष्कळ वाचकांस हसूं येईल. हसण्यास हरकत नाहीं. मात्र ही कल्पना ज्या कारखान्यांत निघाली त्याची हकीकत आधीं ऐकून घ्यावी.

डेन्मार्कांतील बिलुंड या लहानशा गांवीं ओले कर्क क्रिस्टियन्सेन नांवाच्या सुतारानें १९३२ सालीं लांकडी खेळणीं करण्यास आरंभ केला. तोच पुढें 'लेगो' कारखाना झाला. एकमेकांत घट्ट बसणाऱ्या ठोकळ्याचें पेटंट १९५८ सालचें. संस्थापकाचा नातू केल्ड हा कारभार पाहत असतां, १९९० नंतरच्या दशकांत, त्यास एक खंत वाटूं लागली. मुलांच्या कल्पनेस पंख देणारा हा कारखाना. पण त्याच्याच अधिकाऱ्यांच्या बैठकींतून नवें कांहीं निघेना! स्वित्झर्लंडांतील लोझान येथील व्यवस्थापन-विद्यालयाचे अध्यापक योहान रूस व बार्ट व्हिक्टर यांच्या साहाय्यानें, शब्दांऐवजीं ठोकळ्यांनीं विचार मांडण्याची कल्पना पुढें आली; तिला पद्धतशीर रूप देण्यांत रॉबर्ट रास्मुसेन यांचा वांटा मोठा. २०१० सालीं कंपनीनें ही पद्धत सर्वांस खुली केली.

पद्धत साधी आहे. चालक प्रश्न घालतो, 'आपल्या धंद्यास सर्वांत मोठा धोका कोणता, तो बांधून दाखवा.' कांहीं मिनिटांत प्रत्येकानें बांधावयाचें व मग आपल्या बांधणीचा अर्थ सांगावयाचा; त्यांतून कोणासही सूट नाहीं. शंका विचारावयाची ती बांधणीविषयीं, माणसाविषयीं नव्हे. पुढें सर्वांच्या बांधण्या जोडून एकच देखावा करतात, आणि 'मोठें गिऱ्हाईक तुटलें तर?' असें विचारून काय काय ढांसळतें तें पाहतात.

यांतील मर्म आमच्या मतें ठोकळ्यांत नाहींच. नेहमींच्या बैठकींत वडील बोलतात, धाकटे माना डोलावितात, आणि ज्यास गल्ल्यावर बसून खरी अडचण दिसते तो मुनीम कोपऱ्यांत गप्प असतो. येथें त्यालाही बांधावें लागतें, म्हणून बोलावें लागतें. शिवाय 'हा मनोरा डळमळतो आहे' असें म्हणणें, 'आपला बेत चुकीचा आहे' असें वडिलांस तोंडावर म्हणण्याहून पुष्कळ सोपें!

मात्र एक गोष्ट विसरतां कामा नये. या पद्धतीच्या जन्मदात्या कारखान्यासच १९९८ सालीं इतिहासांतील पहिला तोटा आला, आणि २००३ व २००४ मध्यें तर तो बुडण्याच्या बेतांत होता. करमणुकीच्या बागांवरील मालकी सोडून, तुकड्यांचे प्रकार कमी करून व मूळ ठोकळ्याकडे परत वळून तो सांवरला. असले निर्णय जमाखर्चाची वही उघडल्यावांचून होत नसतात. आणि मालकानें निकाल आधींच ठरविला असेल, तर असली बैठक म्हणजे शुद्ध नाटक. धाकट्यांस तें तत्काळ कळतें, व पुढल्या खेपेस ते मालकास आवडेल तेंच बांधतात.

ज्यांचें घरचें दुकान आहे त्यांनीं परदेशी ठोकळे मागविण्याचें कारण नाहीं. काड्यापेट्या, बुद्धिबळाचीं मोहरीं व दोरा एवढें पुरे. आमची सूचना एवढीच, कीं पहिला मान सर्वांत धाकट्यास द्यावा. त्याच्या मांडणींत राजा दाराआड व उधारीची वही गल्ल्यावर बसलेली निघाली, तर 'ही येथें कां?' एवढें विचारावें, आणि त्याचें उत्तर पुरें होईपर्यंत वडिलांनीं मध्यें बोलूं नये.