येशू, ईसा आणि दोन फूटपट्ट्या

ख्रिश्चन विरुद्ध मुस्लिम वादविवादाचे व्हिडिओ तुम्ही अजून पाहिले नसतील तर नशीबवान आहात. स्टेज, दोन माइक, मध्ये घड्याळ लावून बसलेला सूत्रसंचालक आणि खाली टाळ्या वाजवायला दोन्हीकडची मंडळी. विषय ठरलेले. येशू देव होता का? बायबल बदललं गेलं का? कुराण जसंच्या तसं राहिलं का? दोन तासांनी दोन्ही बाजू जिंकलेल्या असतात. मग त्यातले तीन-तीन मिनिटांचे तुकडे 'बोलती बंद' असल्या मथळ्याखाली आपल्या फोनवर येऊन पडतात.

ते भांडतात याबद्दल माझी तक्रार नाही. उलट "सगळे धर्म शेवटी एकच सांगतात हो" म्हणत विषय मिटवणाऱ्यांचा मला जास्त वैताग येतो. नाही सांगत एकच! कुराणात ईसाला मोठा मान आहे. तो मसीहा आहे, कुमारी मातेच्या पोटी जन्मलेला आहे, आंधळ्यांना दृष्टी देणारा आहे. त्याच्या आईच्या नावाचा, मरियमचा, अख्खा अध्याय आहे. सबंध कुराणात नावानिशी उल्लेख असलेली ती एकमेव स्त्री. पण तो ईश्वराचा पुत्र नाही. आणि चौथ्या अध्यायातली १५७वी आयत म्हणते की त्याला क्रूसावर मारलंच गेलं नाही, लोकांना तसं भासलं. आता ख्रिश्चन माणसाच्या श्रद्धेतून क्रूस काढून टाका... उरतो एक चांगला गुरू. एकाच्या लेखी माणसाला देव म्हणणं हे सगळ्यात मोठं पाप, आणि दुसऱ्याच्या लेखी त्याच माणसाचं ईश्वरत्व नाकारणं म्हणजे स्वतःचं तारण नाकारणं. हा मतभेद खराखुरा आहे. त्यावर गुळमुळीत बोलण्यात दोघांचाही अपमान आहे.

तर भांडा, जरूर भांडा. माझी तक्रार एवढीच की ही मंडळी खिशात दोन फूटपट्ट्या घेऊन फिरतात. समोरच्याचा ग्रंथ मोजायला एक, स्वतःचा मोजायला दुसरी.

या प्रकाराचा आपल्या देशातला सगळ्यात गाजलेला सामना झाला आग्र्यात, एप्रिल १८५४ मध्ये. एका बाजूला कार्ल फांडर हा जर्मन मिशनरी. याने 'मिझान-उल-हक' हे इस्लामवर टीका करणारं पुस्तक लिहिलेलं, फारसी उत्तम यायचं, आत्मविश्वास दांडगा. दुसऱ्या बाजूला कैराना गावचे मौलाना रहमतुल्लाह. पण खरा इंटरेस्टिंग माणूस मौलानांच्या शेजारी बसला होता, डॉ. वझीर खान. हे गृहस्थ वैद्यकीय शिक्षणासाठी विलायतेला जाऊन आलेले, आणि येताना बायबलची चिकित्सा करणारी युरोपियन पुस्तकं घेऊन आलेले. फांडरची तयारी जुन्या पद्धतीच्या वादाची होती. समोरून आले थेट युरोपातल्या ख्रिश्चन पंडितांचेच दाखले!

उदाहरणार्थ, योहानाच्या पहिल्या पत्रातल्या पाचव्या अध्यायातलं सातवं वचन. त्रैक्याचा इतका सरळ उल्लेख बायबलमध्ये दुसरीकडे कुठे नाही, आणि नेमकं तेच वचन जुन्या ग्रीक हस्तलिखितांत सापडत नाही. इरॅस्मसने १५१६ च्या त्याच्या ग्रीक आवृत्तीत ते घेतलं नव्हतं, आरडाओरडा झाल्यावर १५२२ च्या आवृत्तीत घेतलं. न्यूटननेसुद्धा (हो, तोच न्यूटन) त्याविरुद्ध लिहून ठेवलंय. भर सभेत फांडरला कबूल करावं लागलं की सात-आठ ठिकाणी मूळ मजकुरात फेरफार झालेत. पण गाभ्याला धक्का नाही, असं त्याचं म्हणणं. मौलानांचं म्हणणं, ज्या दस्तऐवजात खाडाखोड सिद्ध झाली तो पुराव्याला कसा चालेल? दोन दिवसांत सगळं आटोपलं. येशूचं ईश्वरत्व आणि त्रैक्य हा विषय यादीत त्याच्या पुढे होता, मुहम्मदांचं प्रेषितत्व त्याच्याही पुढे. तिथपर्यंत गाडी गेलीच नाही.

पुढे १८५७ झालं आणि मौलानांना मक्केला निघून जावं लागलं. १८६४ मध्ये त्यांचं 'इझहार-उल-हक' अरबीत छापलं गेलं. त्याचा अनुवाद अनेक वर्षांनी दक्षिण आफ्रिकेत दुकानात काम करणाऱ्या एका तरुणाच्या हाती पडला. तो तरुण म्हणजे सुरतकडून लहानपणी तिकडे गेलेला अहमद दीदात. दीदातपासून ही स्टेजवाली परंपरा जगभर पसरली. म्हणजे आज तुमच्या फोनवर येणाऱ्या क्लिपचे आजोबा आग्र्याचे आहेत.

आता फूटपट्टीकडे येऊ. वझीर खानांनी आणलेल्या पुस्तकांमागची चिकित्सा ही काही हवं तेवढंच हत्यार काढून घ्यायची पेटी नव्हती. जी पद्धत 'हे वचन नंतर घुसडलंय' म्हणते, तीच पुढे जाऊन 'कुमारी मातेचा जन्म आणि चमत्कार या नंतर रचलेल्या कथा आहेत' असंही म्हणते. डेव्हिड स्ट्राउसने १८३५ मध्येच ते लिहिलं होतं. आणि तो जन्म, ते चमत्कार कुराणातही आहेत की! ज्या फांदीवर बसायचं तीच तोडायची, असा हा प्रकार. आजच्या मुस्लिम वक्त्यांचा लाडका विद्वान आहे बार्ट एरमन. बायबलच्या प्रती कशा बदलत गेल्या यावर त्याचं २००५ चं पुस्तक प्रचंड खपलं. त्याला अगदी मन लावून उद्धृत करतात. पण हाच एरमन म्हणतो की येशूला क्रूसावर मारलं ही त्याच्या आयुष्यातली सगळ्यात पक्की ऐतिहासिक गोष्ट आहे. नेमकी तिथे क्लिप संपते.

ख्रिश्चन वक्ते काही कमी नाहीत. १९७२ मध्ये येमेनमधल्या साना शहराच्या मोठ्या मशिदीत जुन्या चर्मपत्रांचा साठा सापडला. त्यात एक प्रत अशी की आधीचं लिखाण पुसून वर पुन्हा कुराण लिहिलेलं. खालच्या पुसलेल्या मजकुरात काही शब्द वेगळे, अध्यायांचा क्रमही वेगळा. झालं! खजिनाच हाती लागला. त्यात भर म्हणजे खलिफा उस्मानने साधारण ६५० च्या सुमारास एक प्रत प्रमाण ठरवून बाकीच्या जाळायला लावल्या, असं खुद्द इस्लामी परंपराच सांगते. आजही मोरोक्कोत चालणारं 'वर्श' पठण आणि आपल्याकडचं 'हफ्स' पठण यांत बारीक फरक आहेत. पहिल्याच अध्यायात एका ठिकाणी स्वर दीर्घ केला तर 'मालक', ऱ्हस्व केला तर 'राजा'. मुस्लिम विद्वान हजार वर्षं यावर उघडपणे ग्रंथ लिहीत आलेत. पण स्टेजवर चढलं की 'एक टिंबही बदललेलं नाही' असं ठणकावून सांगायची हौस, आणि मग ख्रिश्चन वक्ता ते टिंब बरोबर पकडतो. इथवर ठीक आहे. पण त्याच माणसाला विचारा की मार्कच्या शुभवर्तमानातली शेवटची बारा वचनं चौथ्या शतकातल्या दोन सर्वात महत्त्वाच्या हस्तलिखितांत का नाहीत? उत्तर तयार असतं: त्याने मूळ शिकवणुकीला बाधा येत नाही. म्हणजे एका स्वराने कुराण कोसळतं आणि बारा वचनांनी बायबलला ओरखडासुद्धा पडत नाही. व्वा!

शिवाय ही तुलनाच मुळात चुकीच्या जागी लावलेली आहे. डॅन ब्राउन वाचून 'निकाया परिषदेत मतदान घेऊन येशूला देव केलं' म्हणणारे मित्र प्रत्येक ऑफिसात असतात. त्यांच्यासाठी: पौलाची पत्रं क्रूसानंतर वीस-पंचवीस वर्षांतली आहेत, आणि ज्या जागी ज्यू माणूस फक्त ईश्वराला ठेवील त्या जागी ती येशूला आधीच ठेवून मोकळी झालेली आहेत. ३२५ सालच्या निकायात भांडण होतं ते पुत्र निर्माण केलेला आहे की अनादी, यावर. आणि गंमत बघा, पाचशे वर्षांनी बगदादमध्ये जवळपास तोच प्रश्न उभा राहिला, पण कुराणाबद्दल. ८३३ मध्ये खलिफा अल-मामूनने फर्मान काढलं की कुराण निर्मित आहे हे काझींनी मान्य करावं. अहमद इब्न हंबलने नकार दिला, तुरुंगात गेला, पुढच्या खलिफाच्या काळात फटके खाल्ले, आणि अखेर त्याचीच बाजू सुन्नी इस्लामची मुख्य भूमिका झाली. म्हणजे 'ईश्वराचा अनादी शब्द' या जागेवर एकाकडे एक व्यक्ती आहे आणि दुसऱ्याकडे एक ग्रंथ. शुभवर्तमानं ही त्या व्यक्तीबद्दलची चार जणांची साक्ष. तुलना करायचीच तर येशूची कुराणाशी करा. बायबल आणि कुराण शेजारी ठेवून डिफ काढत बसलात तर आउटपुट भरपूर येईल, अर्थ काहीच लागणार नाही.

आता राहिलो आपण, म्हणजे दोन्हींपैकी कोणीच नसलेले आणि फुकट तमाशा बघणारे. या क्लिपा सर्वात उत्साहाने फॉरवर्ड करणारे माझ्या ओळखीत तरी हेच आहेत. काट्याने काटा निघतोय ना, मग छानच. त्यांना पुण्याच्या भांडारकर संस्थेत जाऊन यायला सांगावंसं वाटतं. तिथे हजाराहून जास्त हस्तलिखितं पडताळून महाभारताची चिकित्सक आवृत्ती तयार झाली, १९६६ मध्ये काम पूर्ण झालं. व्यासांनी सांगितलं आणि गणपतीने लिहून घेतलं ही आपण लहानपणापासून ऐकलेली गोष्ट त्या आवृत्तीच्या मुख्य मजकुरात नाही, परिशिष्टात आहे. हीच ती पद्धत. वझीर खानांनी जहाजातून आणली होती तीच.

तेव्हा असा व्हिडिओ मला पाठवणार असाल तर जोडीला एक फाइल जोडा: समोरच्याच्या ग्रंथाला विचारलेला प्रश्न वक्त्याने स्वतःच्या ग्रंथाला विचारला तेव्हा काय उत्तर आलं, ती. आजपर्यंत माझ्या फोनवर अशी एकही आलेली नाही.