शाळेचा उंबरठा

राज्याला सीमा असते आणि तिचे रक्षण करणे हे शासनाचे कर्तव्य होय, याविषयी दुमत नाही. परवान्यावाचून देशात राहणाऱ्यांवर कायद्याने कारवाई व्हावी, हेही आम्हांस मान्य आहे. प्रश्न एवढाच, की ती शाळेच्या दाराशी किंवा रुग्णाच्या खाटेपाशी व्हावी काय?

अमेरिकेत हा प्रश्न जुना आहे. टेक्सस राज्याने १९७५ मध्ये कायदा करून, परवाना नसलेल्या परदेशी मुलांच्या शिक्षणासाठी शाळांना मिळणारा पैसा बंद केला. टायलर येथील शाळांनी तर अशा मुलांकडून वर्षाला १,००० डॉलर फी मागितली. १९८२ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी हा कायदा रद्द ठरविला. आईबापांच्या कृत्याचे प्रायश्चित्त मुलांनी घेऊ नये, हे त्या निर्णयाचे मर्म होय.

पुढे २०११ मध्ये शाळा, रुग्णालये व प्रार्थनास्थळे येथे सहसा धरपकड करू नये, असा आदेश निघाला. २०२१ मध्ये त्याची व्याप्ती वाढली; जानेवारी २०२५ मध्ये मात्र तो मागे घेऊन सारे अधिकाऱ्यांच्या तारतम्यावर सोपविण्यात आले. १९८२ चा निर्णय त्याने रद्द झाला नाही. पण वर्गात बसण्याचा हक्क असूनही वर्गापर्यंत जाण्याचे भय वाटू लागले, तर त्या हक्काचे मोल काय राहिले?

अशा ठिकाणी गुन्हेगार दडून बसतील, असा आक्षेप घेतला जातो. परंतु राष्ट्राची सुरक्षितता किंवा जीवितास तातडीचा धोका, असे अपवाद २०११ च्या आदेशातच होते. शिवाय अधिकाऱ्यांना इतर जागा मोकळ्या असतातच. उलट, धास्तावलेली आई तापाने फणफणलेल्या लेकरास रुग्णालयात नेत नाही, आणि साथीचा रोग तर कोणाचा परवाना पाहत नाही. लपविलेला गोवर शेजारच्या घरातही शिरतो. म्हणजे या भयाची किंमत कायदा पाळणाऱ्यांनाही मोजावी लागते.

आपल्याकडील २००९ चा शिक्षणहक्क कायदाही वयाचा दाखला नाही एवढ्यावरून मुलाला प्रवेश नाकारू देत नाही. कागदाआधी मूल पाहावे, ही त्यामागील दृष्टी. हजेरीपट हा शिकविण्यासाठी असतो आणि केसपेपर उपचारासाठी. ते धरपकडीच्या कामी येऊ लागले, की शिक्षक व वैद्य यांच्यावरील विश्वास उडतो. म्हणून सीमेचा कायदा सीमेवर, कचेरीत व न्यायालयात खुशाल चालावा. शाळा व रुग्णालय यांच्या उंबरठ्यावर त्याने थांबावे, असे आमचे स्पष्ट मत आहे.