देवळीच्या विद्यार्थ्यांनी स्पॅनिश का शिकावी?

८ मे २०२५ रोजी नवनिर्वाचित पोप लिओ चौदावे यांनी व्हॅटिकनच्या सज्जातून इटालियनमध्ये बोलता बोलता मध्येच स्पॅनिशमध्ये पेरू देशातील चिक्लायो धर्मप्रांताला अभिवादन केले. जन्माने अमेरिकन असलेले पोपमहोदय तेथे अनेक वर्षे बिशप होते. त्यांच्या आधीचे पोप फ्रान्सिस यांची तर ती मातृभाषाच होती. जगात सुमारे ५० कोटी लोकांची ही मातृभाषा आहे आणि ख्रिस्तसभेचा फार मोठा भाग याच भाषेत प्रार्थना करतो.

देवळीच्या विद्यार्थ्याला हे सारे दूरचे वाटेल. पण तसे ते नाही. १९९७ साली स्थापन झालेल्या वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात हिंदीबरोबर स्पॅनिशसारख्या परकीय भाषांनाही स्थान मिळाले आहे. देवळीहून वर्ध्याला एसटीने रोज जाऊन येणारे विद्यार्थी थोडे नाहीत. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानेही माध्यमिक स्तरावर शिकविता येतील अशा परकीय भाषांत स्पॅनिशचा उल्लेख केला आहे. तथापि ग्रामीण शाळांना तिचे शिक्षक कोठून मिळणार, हा प्रश्न उरतोच.

पालक विचारतात, नोकरी मिळेल काय? भाषांतर, पर्यटन व माहिती-तंत्रज्ञान या क्षेत्रांत मिळू शकते. मात्र वर्षभराच्या पदविकेवर विसंबून राहू नये. सेर्व्हान्तेस संस्थेच्या ‘देले’ परीक्षेच्या ए-वन ते सी-टू अशा सहा पायऱ्या आहेत, आणि भाषेवर पोट भरावयाचे तर निदान चौथी गाठावी, असे आम्हांस वाटते.

मराठी मुलांची एक जमेची बाजू सहसा कोणी सांगत नाही. स्पॅनिशमधील ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत. इंग्रजी वळणाने ‘ट’, ‘ड’ म्हणणाऱ्यांना तेच जड जातात. विशेषण नामाच्या लिंगाप्रमाणे बदलते, क्रियापदावरून कर्ता कळतो, ‘तू’ आणि ‘आपण’ असा भेदही आहे. लिंगे तर दोनच, आपल्याहून एक कमी!

परंतु शब्द व व्याकरण येथेच थांबलेला अभ्यास अपुरा होय. लॅटिन अमेरिकेत ही भाषा विजेत्यांच्या तलवारीबरोबर गेली. तेथील मूळ रहिवाशांवरील अत्याचारांविरुद्ध सोळाव्या शतकात बार्तोलोमे दे लास कासास या डोमिनिकन धर्मगुरूंनी त्याच भाषेत लेखणी उचलली. एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो गरिबांची बाजू घेऊन बोलत राहिले आणि २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करीत असताना गोळीला बळी पडले. २०१८ साली त्यांना संतपद मिळाले. त्यांची प्रवचने रेडिओवरून देशभर ऐकली जात. ती मूळ भाषेत वाचू शकणारा एखादा तरुण आपल्या धर्मग्रामातही तयार होऊ शकतो. त्यासाठी बारावीनंतर प्रवेश घेताना विद्यापीठात चालू वर्षी कोणते वर्ग भरतात, याची प्रत्यक्ष जाऊन चौकशी करावी.