हिसकावलेले पिस्तूल आणि न विचारलेला प्रश्न

आरोपीने पोलिसाचे पिस्तूल हिसकावले, गोळी झाडली आणि पोलिसांना स्वसंरक्षणार्थ प्रत्युत्तर द्यावे लागले, हे निवेदन भारतीय वाचकाला एव्हाना तोंडपाठ झाले आहे. ६ डिसेंबर २०१९ रोजी हैदराबादजवळ चार आरोपी मारले गेले, तेव्हा हेच सांगण्यात आले. १० जुलै २०२० रोजी कानपूरजवळ विकास दुबे आणि २३ सप्टेंबर २०२४ रोजी पोलिसांच्या गाडीत बदलापूर प्रकरणातील आरोपी मारला गेला, तेव्हाही हेच. हैदराबादचे कथन न्यायमूर्ती सिरपूरकर आयोगाने २०२२ मध्ये अविश्वसनीय ठरवून दहा पोलिसांवर खुनाचा खटला चालवावा, अशी शिफारस केली. उलट, कानपूर प्रकरणी न्यायमूर्ती चौहान आयोगाला पोलिसांचे म्हणणे खोडणारा पुरावा आढळला नाही. निष्कर्ष काहीही निघोत. एक साधी वस्तू मात्र सार्वजनिक चर्चेत सतत दुर्लक्षित राहिली आहे. ती म्हणजे पिस्तूल ज्यात ठेवतात ते कमरेचे होल्स्टर.

पोलिसाचे शस्त्र त्याच्याच विरुद्ध वापरले जाण्याचा धोका काल्पनिक नव्हे. स्वतःच्याच शस्त्राने मारल्या गेलेल्या पोलिसांची नोंद अमेरिकेची एफबीआय ही संस्था ठेवत आली आहे. याच संस्थेतील माजी अधिकारी बिल रॉजर्स यांनी १९७०नंतरच्या दशकात या धोक्याचा विचार यंत्ररचनेच्या अंगाने केला. त्यांची कसोटी सोपी होती. हल्लेखोराने सर्व शक्तीनिशी, वाटेल त्या दिशेने पाच सेकंद ओढूनही पिस्तूल निघता कामा नये. ही कसोटी उतरले, तर पहिली पातळी. एक अटकाव उघडल्यावरही पुन्हा तेवढीच ओढ सहन झाली, तर दुसरी. याच क्रमाने पुढे जायचे. अशा होल्स्टरमध्ये वरून झाकणारी कमान किंवा आतील खटका असतो. पिस्तूल धारण करणाऱ्याचा अंगठा तो सहज उघडतो. समोरून किंवा मागून झडप घालणाऱ्याला मात्र ते साधत नाही.

अर्थात प्रत्येक खटका हितकारक असतोच असे नाही. तर्जनीने कळ दाबून उघडणाऱ्या एका रचनेत तेच बोट दाबाच्या ओघात चापावर जाऊन पोलिसाच्याच पायात गोळी लागण्याची भीती दिसून आली व अनेक प्रशिक्षण संस्थांनी ती वर्ज्य ठरवली. कातडी होल्स्टर जुने होऊन मऊ पडले की त्याची दुमडलेली कडा चापात अडकू शकते. चाप पूर्ण झाकला जाणे, होल्स्टर त्याच पिस्तुलाच्या मापाचे असणे आणि ते उघडण्याचा सराव वारंवार होणे, या तीन अटींवाचून अटकाव हा केवळ दिखावा ठरतो.

यावर खर्चाचा आक्षेप घेतला जाईल. परंतु येथे बचत होते ती खरेदी खात्याची. जोखीम मात्र वाहावी लागते शिपायाला आणि बेड्यांतील आरोपीला. ज्याच्या पदरी नुकसान येत नाही, त्याने केलेली काटकसर ही काटकसर नव्हे. कोठडीतील एका मृत्यूनंतर चौकशा, न्यायालयीन कामकाज आणि गमावलेली लोकांची श्रद्धा यांची किंमत मोजली, तर काही हजार होल्स्टरांचा खर्च क्षुल्लक ठरेल.

योगायोग असा की, चकमकींच्या चौकशीविषयी सर्वोच्च न्यायालयाने मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली तीही २३ सप्टेंबर रोजीच, २०१४ साली. संबंधित पोलिसांनी आपली शस्त्रे आणि तपासाला आवश्यक असे अन्य साहित्य न्यायवैद्यक तपासणीसाठी सुपूर्द करावे, असे त्यांत म्हटले आहे. या ‘अन्य साहित्या’त होल्स्टर आवर्जून आले पाहिजे. ते कोणत्या प्रकारचे होते, खटका लागलेला होता काय, बंद तुटला की उघडला गेला, याची उत्तरे वस्तूच देऊ शकते. तिला कोणाची बाजू घ्यावयाची नसते.

पिस्तूल हिसकावले जाते, असे पोलीस दलाला खरोखरच वाटत असेल, तर ते न हिसकावता येण्याची व्यवस्था करणे हे त्याचे पहिले कर्तव्य ठरते. तशी व्यवस्था वर्षानुवर्षे होत नसेल आणि निवेदन मात्र तेच राहत असेल, तर त्यातून निघणारा अर्थ पोलिसांना मानवणारा नाही. प्रामाणिक शिपायाचा प्राण आणि प्रामाणिक निवेदनाची पत, दोन्ही राखणारा हा उपाय इतका स्वस्त असताना तो टाळला का जातो, हा प्रश्न विधिमंडळात विचारला गेला पाहिजे.